आरमाराच्या सावलीतील चर्च : मुंबई बंदर आणि त्याच्या पूर्वकाठाचा आढावा

मुंबई बंदराच्या पश्चिम काठावर नौदलाची गोदी आहे, पूर्व काठावर उरणजवळ करंजाचे नौदल केंद्र आहे आणि उत्तरेकडे आत शिरणाऱ्या खाड्यांपैकी एका खाडीच्या टोकाला पनवेल आहे. आज नवीन पनवेल, कळंबोली, खांदा कॉलनी ही सिडको या शहर नियोजन महामंडळाची वसाहत जिथे पसरली आहे, तो भाग शतकानुशतके या बंदराचेच मागचे अंगण होता. घाटावरून उतरणारा माल पनवेलच्या धक्क्यावर गलबतांत चढे आणि खाडीवाटे मुंबईकडे किंवा दक्षिणेला चौलकडे जाई. या पाण्यावर ज्यांचे आरमार होते, त्यांनी किनाऱ्यावर किल्ले, वखारी आणि गोद्यांबरोबर प्रार्थनास्थळेही उभी केली. पोर्तुगीजांचे मठ, इंग्रजांची गॅरिसन चर्च, खलाशांची विश्रामगृहे, कोळी आणि आगरी गावांजवळची चॅपल आणि अलीकडची नव्या शहरातील मंडळ्या हा सगळा इतिहास एकाच बंदराच्या काठाने घडला आहे. त्यातील काही वास्तू आज भग्नावशेष आहेत, तर काहींमध्ये दर रविवारी उपासना होते. हा फरक कशामुळे पडला, हा या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पोर्तुगीजांपूर्वीचे ख्रिस्ती

या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज तोफांबरोबर आला, असा समज आहे. उपलब्ध पुरावा त्याहून जुना आहे. सहाव्या शतकातील ग्रीक व्यापारी-प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लिआना’ या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे उल्हास नदीवरील कल्याण मानतात. त्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते आणि पर्शियन आखाताशी त्याचा व्यापार चाले. तेथील ख्रिस्ती समाज मुख्यतः व्यापाऱ्यांचा असावा.

चौदाव्या शतकातील नोंद अधिक स्पष्ट आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात ठार झाले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा डोमिनिकन साधू तेव्हा दुसरीकडे गेल्यामुळे वाचला. त्याच्या पत्रांवरून ठाणे आणि सोपारा येथे पूर्वेकडील सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची काही घरे होती, असे दिसते. पुढे पोर्देनोनेचा ओडोरिक या मार्गाने गेला, तेव्हा त्याने ठाण्यात मरण पावलेल्या साधूंच्या अस्थी सोबत नेल्या. या काळातील एकही वास्तू शिल्लक नाही. पण आरमाराच्या आधी व्यापाराच्या वाटेने आलेली एक ख्रिस्ती परंपरा येथे होती, हे या नोंदींवरून कळते.

चौल-रेवदंडा : आरमाराचे पहिले ठाणे

पोर्तुगीजांची या किनाऱ्यावरील पहिली मोठी नाविक लढाई चौलच्या खाडीत झाली. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आणि गुजरातचे संयुक्त आरमार पोर्तुगीज ताफ्यावर चालून आले. या लढाईत पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा मुलगा लॉरेन्सो मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला वखार घातली आणि १५२१ मध्ये आज ज्याला रेवदंड्याचा किल्ला म्हणतात, त्याचे बांधकाम सुरू केले.

किल्ल्याबरोबर चर्च आलीच. मुख्य चर्च, फ्रान्सिस्कन मठ, डोमिनिकन मठ, जेझुइट आणि ऑगस्टिनियन संघांची स्थाने अशी या एका तटबंदीच्या गावात धार्मिक वास्तूंची दाटी झाली. पोर्तुगीज राजाला पोपने दिलेल्या ‘पाद्रोआदो’ या अधिकारानुसार पूर्वेकडील चर्चचे संरक्षण, नेमणुका आणि खर्च ही राजसत्तेची जबाबदारी होती. त्यामुळे धर्मगुरू राजाच्या जहाजांतून येत, त्यांचा खर्च राजाच्या तिजोरीतून होई आणि मठांच्या जागा किल्ल्याच्या आखणीतच धरलेल्या असत. संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेल्याची परंपरा आहे आणि त्यांच्या नावाच्या चॅपलची जागा आजही दाखवली जाते.

रेवदंड्यात आज सर्वांत ठळक दिसणारी वास्तू म्हणजे ‘सातखणी बुरूज’. नावामुळे तो किल्ल्याचा बुरूज वाटतो. प्रत्यक्षात तो संत बार्बरा यांच्या नावाच्या फ्रान्सिस्कन चर्चचा घंटामनोरा आहे. संत बार्बरा ही तोफखान्यावरील शिपायांची आणि दारूगोळा हाताळणाऱ्यांची संरक्षक संत मानली जाते. समुद्राकडे तोफा रोखलेल्या ठाण्यातील चर्चला तिचे नाव असावे, हे त्या काळाला धरूनच होते. चौकोनी आणि वर चढत गेलेल्या या मनोऱ्याचे वरचे मजले ढासळले आहेत. खाली उभे राहून पाहिले, तर एकावर एक खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी दिसतात आणि मजल्यांच्या जागी आता आभाळ आहे. भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

चर्च आणि लष्कर यांचे नाते किती जवळचे होते, ते १५७०-७१ च्या वेढ्यात दिसले. मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, तेव्हा तटबंदीबाहेरचा फ्रान्सिस्कन मठच संरक्षणाची पुढची चौकी बनला आणि त्याच्याभोवती हातघाईची लढाई झाली. वेढा उठला आणि चौल पोर्तुगीजांकडेच राहिले. खाडीच्या समोरच्या बाजूचा कोर्लईचा डोंगर मात्र त्यांच्या हाती नव्हता. त्यावर निजामशाहीने बांधलेला गड पोर्तुगीजांनी सप्टेंबर १५९४ मध्ये जिंकला आणि गडाच्या अरुंद माथ्यावर आपले चॅपल बांधले. त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत.

वसई आणि करंजा

उत्तरेकडे २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले. तेथे जहाजबांधणी चाले आणि किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट संघांची भव्य चर्च उभी राहिली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. जहाजांच्या वाटेने या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेलेल्या धर्मप्रसाराचे ते सर्वांत ठळक नाव आहे.

मुंबई बंदराच्या पूर्व काठावर करंजा, म्हणजे आजचे उरण, हे बेटासारखे ठाणे होते. द्रोणागिरीच्या डोंगरावरून बंदराच्या तोंडाशी येणारे प्रत्येक शीड दिसे. म्हणून पोर्तुगीजांनी तेथे चौकी ठेवली. त्या चौकीचे आणि चर्चचे अवशेष डोंगरावर आहेत. पायथ्याशी मीठ, भात आणि मासेमारी यांवर जगणारी गावे होती. त्यांतील काही कुटुंबे ख्रिस्ती झाली. उरणच्या कॅथलिक वस्तीची मुळे या काळात आहेत. पनवेलच्या बाजूला मात्र पोर्तुगीजांचे असे ठाणे नव्हते. तिथल्या खाडीतून व्यापार होई, पण आरमाराचा तळ आणि चर्च मोक्याच्या टोकांवर, म्हणजे करंजा, चौल आणि वसई येथेच राहिली.

मराठ्यांचा विजय आणि चर्चचे दोन मार्ग

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली गेली. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि बहुतेक धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर आणि वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही टांगलेल्या आहेत.

या घटनेनंतर किनाऱ्यावरील चर्चचे दोन मार्ग स्पष्ट झाले. रेवदंड्याच्या किल्ल्यातील मठ फौजेवर आणि राजाच्या तिजोरीवर अवलंबून होते. फौज गेली, तिजोरी बंद झाली आणि काही दशकांत छपरे कोसळली. वसईच्या किल्ल्यातील चर्चचेही तेच झाले. पण किल्ल्याबाहेर, गावात राहणाऱ्या लोकांची चर्च टिकली. वसई तालुक्यातील गावांत धर्मग्राम (पॅरिश) चालू राहिले आणि उरणची वस्तीही राहिली.

याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण कोर्लई आहे. गडाच्या पायथ्याशी असलेल्या या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज सैनिक आणि स्थानिक लोक यांच्या मिश्र वसाहतीतून आली. पोर्तुगीज सत्ता गेल्यावर अडीचशेहून अधिक वर्षे ही कुटुंबे आपसांत पोर्तुगीजपासून बनलेली, पण वाक्यरचनेत मराठीकडे झुकलेली बोली बोलत आली आहेत. गावकरी तिला ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. ही भाषा टिकण्याचे मोठे कारण गावातील माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च आहे. पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही चर्चमधील प्रार्थना पोर्तुगीज भाषेतून होत राहिली, त्यामुळे गावाची बोली तिच्या मूळ स्रोताशी जोडलेली राहिली. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चची भाषा मराठी झाली. गडावरचे चॅपल ओस पडले, पण गडाखालचे चर्च मात्र गावाने धरून ठेवले.

मुंबईचा किल्ला आणि सेंट थॉमस

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले, १६६५ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीने १६८६ मध्ये आपल्या आरमाराचे ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. किल्ल्यात चर्च नव्हते. उपासना मुंबईच्या कोटातील, म्हणजे बॉम्बे कॅसलमधील, एका दालनात होई. आज त्याच परिसरात नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ आहे.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला, पण भिंती काही फूट वर येऊन काम थांबले आणि जवळजवळ ४० वर्षे तसेच राहिले. रिचर्ड कॉब या धर्मगुरूने वर्गणी गोळा करून ते पुन्हा सुरू केले आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. तोफेचा मारा झेलता यावा म्हणून छप्पर विशेष भक्कम बांधले होते. ही सावधगिरी उगीच नव्हती. त्याच वर्षी गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमारी मोहीम काढली होती आणि ती फसली होती. शहराभोवती तट बांधण्याचे कामही त्याच वेळी चालू होते. तटाच्या पश्चिमेकडील ज्या दरवाज्यातून चर्चकडे रस्ता जाई, तो ‘चर्चगेट’ झाला. पुढे शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरचे मैलाचे दगडही या चर्चपासूनचे अंतर सांगू लागले.

१८३७ मध्ये मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला, थॉमस कार पहिले बिशप झाले आणि सेंट थॉमस कॅथीड्रल बनले. आतल्या भिंतींवरील संगमरवरी स्मारके वाचली, तर हे बंदराचे चर्च होते हे कळते. १८०८ मध्ये श्रीलंकेजवळ फ्रेंच युद्धनौकेशी लढताना पडलेला नौदलाचा कॅप्टन हार्डिंज याचे स्मारक येथे आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन याचेही आहे. साथीच्या तापाने किंवा पटकीने तरुणपणी मेलेले अधिकारी, जहाजावर बाळंतपणात गेलेल्या स्त्रिया, समुद्रात बुडालेले प्रवासी यांच्या आठवणी एकाच भिंतीवर आहेत. त्या काळच्या मुंबईत युरोपीय माणसाला शत्रूच्या तोफेपेक्षा इथले हवामान अधिक मारत होते, हे कोणत्याही कागदपत्रापेक्षा या पाट्या स्पष्टपणे सांगतात.

किल्ल्याबाहेरची कॅथलिक चर्च

इंग्रजांकडे मुंबई आली, तेव्हा बेटावर पोर्तुगीज काळातील चर्च आणि मोठी कॅथलिक वस्ती होती. पोर्तुगीज धर्मगुरूंची निष्ठा गोव्याकडे आहे, या संशयावरून इंग्रजांनी १७२० मध्ये त्यांना बेटाबाहेर काढले आणि रोमहून थेट नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे चर्च सोपवली. त्यातून पोर्तुगीज राजाचा ‘पाद्रोआदो’ आणि रोमचा ‘प्रोपागांदा’ असे दोन अधिकार उभे राहिले. एकाच शहरातील चर्च या दोन अधिकारांत वाटली गेली आणि हा वाद जवळजवळ दीडशे वर्षे चालला. १८८६ मध्ये मुंबईचा कॅथलिक महाधर्मप्रांत स्थापन होऊन नवी व्यवस्था लागली. वादाचे स्वरूप धार्मिक असले, तरी मुळाशी बंदर कोणाचे हा प्रश्न होता.

किल्ल्याच्या संरक्षणाचा फटका चर्चलाही बसला. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावरचे एस्पेरान्सा, म्हणजे आशेच्या मातेचे, चर्च अठराव्या शतकात तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे करताना पाडले गेले आणि भुलेश्वरला नव्याने बांधले गेले. जुन्या जागेचा क्रूस राहिला आणि त्यावरून क्रॉस मैदानाला नाव मिळाले.

माझगावची कथा गोदीशी अधिक जवळून जोडलेली आहे. तेथे १६३२ मध्ये डी’सूझा ई लिमा या जमीनदार घराण्याच्या आश्रयाने ग्लोरिया चर्च उभे राहिले. भोवती कोळ्यांची, ख्रिस्ती कारागिरांची आणि पुढे गोदीत काम करणाऱ्यांची वस्ती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदराच्या आणि रेल्वेच्या विस्तारात ही जागा गेली आणि १९११ ते १९१३ या काळात भायखळ्याला नवे ग्लोरिया चर्च बांधले गेले. माझगावातच कंपनीच्या आरमारातील कमोडोर नेस्बिट यांची पत्नी रोझा नेस्बिट हिने १७८७ च्या सुमारास सेंट अ‍ॅन चॅपल बांधले. नेस्बिट रोड हे नाव तिच्यामुळेच राहिले. आरमारी अधिकाऱ्याच्या घरातील एका स्त्रीने स्वतःच्या पैशाने उभारलेले हे चॅपल अधिकाऱ्यांसाठी नव्हते, ते आसपासच्या कॅथलिक वस्तीसाठी होते. म्हणूनच तेथील धर्मग्राम आजही आहे.

बेटांवरील या जुन्या कॅथलिक समाजाच्या वंशजांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकऱ्यांत आपण गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा वेगळे आणि इथलेच मूळ रहिवासी आहोत, हे त्यांना दाखवायचे होते. घरात मराठी बोली, लग्नात मराठी गाणी आणि चर्चमध्ये लॅटिन, नंतर मराठी किंवा इंग्रजी, अशी त्यांची परंपरा आहे. उरण ते वसई या साऱ्या किनाऱ्यावर ती सारखी दिसते.

गोदीच्या दारातली चर्च

१७३६ मध्ये सुरतेचे जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि १७५० च्या सुमारास बॉम्बे डॉक तयार झाला. त्यानंतर डंकन डॉक झाला आणि सागवानी युद्धनौका येथून ब्रिटिश आरमारात जाऊ लागल्या. १८१७ मध्ये येथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. गोदी वाढली तसे स्कॉटिश अधिकारी, इंजिनिअर आणि व्यापारी वाढले. त्यांची प्रेस्बिटेरियन उपासना अँग्लिकन चर्चमध्ये बसणारी नव्हती. गोदीच्या लायन गेटसमोर त्यांनी सेंट अँड्र्यूज चर्च बांधले आणि ते १८१९ मध्ये खुले झाले. त्याचा मनोरा १८२६ मध्ये वीज पडून कोसळला आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. शेजारी अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ साठवणारे आइस हाऊस होते. ते आता नाही, चर्च मात्र आहे.

किल्ल्यातील मेडोज स्ट्रीटवर अर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ मध्ये सेंट पीटर चर्च बांधले. इस्फहानहून सुरतेमार्गे आलेला हा छोटा समाज पुढे विरला. बंदरातील चर्च एखाद्या व्यापारी समाजाबरोबर येते आणि त्या समाजाबरोबर मागे पडते, याचे हे उदाहरण आहे.

कुलाबा : दीपस्तंभासारखा मनोरा

१८३८ मध्ये कुलाबा कॉजवे झाला आणि वेगळे असलेले कुलाबा बेट मुंबईला जोडले गेले. दक्षिण टोकाला छावणी होती. पहिल्या अफगाण युद्धात, १८३८ ते १८४२ मध्ये, आणि १८४३ च्या सिंध मोहिमेत मुंबईहून समुद्रमार्गे गेलेल्या सैन्यातील मृतांचे स्मारक म्हणून चर्च बांधण्याची कल्पना निघाली. त्यापूर्वी छावणीतील उपासना एका साध्या शाकारलेल्या शेडमध्ये होई.

सरकारने जागा दिली, ती एका अटीवर. मनोरा एवढा उंच असावा की बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसेल. जे. एम. डेरिक यांचा पहिला आराखडा खर्चामुळे बाजूला पडला आणि मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजना आखणारे हेन्री कॉनिबेअर यांनी नवा आराखडा केला. ४ डिसेंबर १८४७ रोजी पाया घातला, ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी अभिषेक केला आणि जून १८६५ मध्ये शिखर पूर्ण झाले. मनोऱ्याची उंची सुमारे ६० मीटर आहे. गॉथिक पद्धतीच्या या चर्चमध्ये सागवानी छप्पर, विल्यम वेल्स यांच्या रंगीत काचा आणि विल्यम बटरफिल्ड यांनी आखलेले लोखंडी जाळीकाम व फरश्या आहेत. भिंतींवर पलटणींच्या पाट्या आहेत. त्यांत कोणाच्या नावापुढे लढाई आहे, कोणाच्या नावापुढे ताप. चर्चचे औपचारिक नाव ‘सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ आहे, पण मुंबईत ते अफगाण चर्च म्हणूनच ओळखले जाते. आज ते नेव्ही नगरच्या परिसरात आहे. पुढे प्राँग्ज दीपगृह १८७५ मध्ये उभे राहिले आणि मनोऱ्याचे दिशादर्शनाचे काम हलके झाले.

छावणीच्या याच पट्ट्यात वुडहाउस रोडवर १९०५ मध्ये कॅथलिकांचे होली नेम चर्च झाले. १९६४ च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले. तेव्हा होली नेम हे महाधर्मप्रांताचे मुख्य चर्च झाले होते.

खलाशी आणि दफनभूमी

अधिकाऱ्यांची स्मारके संगमरवरात राहिली, पण साधा खलाशी बहुधा निनावी राहिला. मुंबईचे सर्वांत जुने इंग्रजी दफनस्थळ किल्ल्याबाहेर मेंढम्स पॉइंटला, म्हणजे आजच्या रीगल-संग्रहालयाच्या परिसरात होते. अठराव्या शतकात संरक्षणाच्या कामासाठी तेही हलवले गेले आणि सोनापूरला नवे झाले. त्यानंतर १८६५ च्या सुमारास शिवडीची दफनभूमी सुरू झाली.

बंदरात उतरणाऱ्या खलाशाला दारूचे गुत्ते आणि सावकार यांच्या तावडीतून वाचवावे, ही चर्चच्या माणसांची जुनी काळजी होती. त्यातून १८७० मध्ये रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमचा पाया घातला गेला. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर समुद्रदेव कोरलेला आहे. आज तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

मराठीतून उपासना

वर वर्णन केलेली बरीच चर्च परक्या भाषांत उपासना करणाऱ्यांची होती. मराठीतून ख्रिस्ती उपासना रुजवण्याचे काम दोन वेगळ्या धारांनी झाले. कॅथलिक बाजूला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले आणि ओवीबद्ध मराठीतून ख्रिस्तकथा सांगण्याची वाट पडली. प्रोटेस्टंट बाजूला अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांच्या मिशनने १८२३ मध्ये भेंडी बाजारात मराठी उपासनेसाठी चॅपल उघडले आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला.

किनाऱ्यावर दुसरे केंद्र बाणकोट होते. अठराव्या शतकाच्या मध्यास कमोडोर विल्यम जेम्स याने हा किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ नाव दिले आणि तो मुंबईबाहेर इंग्रजांचा महत्त्वाचा सागरी तळ झाला. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये बाणकोट आणि हर्णै येथून काम सुरू केले. पुढे मुंबईत मोठे झालेले डॉ. जॉन विल्सन यांनी १८२९ मध्ये मराठीचे धडे हर्णैलाच घेतले. म्हणजे आरमारी तळ इंग्रजांचा, पण मिशनऱ्यांची कामाची भाषा मराठी, हे येथेही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यांची भजने पुढे मराठी मंडळ्यांच्या उपासनेत कायमची रुजली. परदेशी चालींवर बेतलेल्या गाण्यांच्या जागी अभंग आणि कीर्तनाची रीत आली आणि मराठी ख्रिस्ती मंडळीला स्वतःचा आवाज सापडला.

१९४७ नंतर : नौदल, नवी मुंबई आणि नवीन पनवेल

स्वातंत्र्यानंतर छावणीची चर्च कोणासाठी आहेत, असा प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश पलटणी गेल्या, अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाले. सेंट थॉमस, अफगाण चर्च आणि सेंट अँड्र्यूज त्यात आली. एकमेकांच्या चर्चमध्ये उपासना न करणारे अँग्लिकन आणि स्कॉटिश यांचे वारस त्यामुळे एका छत्राखाली आले. सेंट थॉमसच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

पूर्व काठावर याच काळात वेगळेच घडले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पनवेलच्या भोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्या. बंदर, रासायनिक कारखाने, रुग्णालये आणि शाळा यांत नोकरीसाठी केरळ, तमिळनाडू, गोवा, मंगळूर आणि महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून ख्रिस्ती कुटुंबे आली. लॅटिन परंपरेचे कॅथलिक मुंबई महाधर्मप्रांतात होते. सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मार्थोमा, ऑर्थोडॉक्स, सीएनआय आणि स्वतंत्र मंडळ्याही आल्या. नवीन पनवेल, खारघर, कामोठे येथील बहुतेक मंडळ्यांचा आरंभ सारखाच होता. आधी घरात प्रार्थना, मग शाळेचे सभागृह किंवा भाड्याची जागा, मग भूखंड, मग इमारत. एकाच इमारतीत सकाळी मल्याळम, नंतर इंग्रजी, संध्याकाळी मराठी मिस्सा किंवा उपासना असा क्रम या भागात सर्रास दिसतो.

या नव्या चर्चना गॅरिसनचा पैसा किंवा राजाचा आश्रय मिळाला नाही. ती नोकरदारांच्या वर्गणीतून उभी राहिली. पर्शियाशी जोडलेली सिरियन परंपरा, जी सहाव्या शतकात कल्याणला नोंदली गेली होती, तीच केरळमार्गे पंधराशे वर्षांनी याच खाड्यांच्या काठी परत आली आहे.

निष्कर्ष

हा सारा इतिहास एकत्र पाहिला, तर एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. आरमाराने चर्च बांधली, पण ती राखली किनाऱ्यावरच्या लोकांनी. सातखणी बुरूज आणि वसईच्या किल्ल्यातील मठ ज्यांच्यासाठी होते, ते निघून गेले आणि वास्तू पडल्या. कोर्लई, उरण, माझगाव येथे चर्च ज्यांची होती, ते तिथेच राहिले आणि चर्चही राहिली. ब्रिटिश काळातील मोठी चर्च टिकली, त्यामागे वारसा जतनाइतकाच त्यांत नियमित उपासना करणाऱ्या भारतीय मंडळ्यांचा वाटा आहे.

म्हणून जतनाचे काम भिंतींपुरते मर्यादित ठेवून चालणार नाही. रेवदंडा आणि द्रोणागिरीवरील अवशेषांची मोजमापे व नकाशे व्हायला हवेत आणि झाडांच्या मुळांनी फुटणाऱ्या भिंती सावरायला हव्यात. त्याचबरोबर धर्मग्रामांतील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या वह्या, कोर्लईची बोली, उरण-वसईच्या लग्नगीतांची ध्वनिमुद्रणे आणि नवीन पनवेलसारख्या वसाहतींतील पहिल्या पिढीच्या आठवणी आजच नोंदवल्या पाहिजेत. दगडी मनोरा पुन्हा उभारता येतो, पण एका पिढीबरोबर गेलेली आठवण परत मिळत नाही. हे काम पुरातत्त्व खात्याइतकेच प्रत्येक मंडळीचे आणि प्रत्येक स्थानिक शाळा-महाविद्यालयाचे आहे.